जुना प्लॅन स्कॅनवरून कॅडमध्ये आणायचा तर

ताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी काढली आणि टेबलावर जपून उलगडली. अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशाची जुन्या पद्धतीची छापील प्रत होती. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीच्या रेघांवर शाई उडालेली, एका कोपऱ्यात चहाचा गोल डाग. "दादा, हा जसाच्या तसा कॉम्प्युटरवर घेऊन द्या. वर एक मजला चढवायचाय."

हे "जसाच्या तसा" ऐकायला सोपं वाटतं. कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मापात प्लॅन काढण्याचं, काम नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींच्या हातात पहिल्या महिन्यातच असा एखादा कागद येतो. मग ते इंटरनेटवर शोधतात, एखादं सॉफ्टवेअर सापडतं, बटण दाबलं की पडद्यावर रेषा येतात आणि काम झालं असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. त्या रेषा दिसायला प्लॅनसारख्या असतात, पण त्यांना माप नसतं. माप कागदावरच्या आकड्यांत असतं आणि ते वाचून रेषेला देणं हे माणसाचंच काम आहे. हा लेख त्याच कामाबद्दल आहे. ताईंच्या घराचाच प्लॅन उदाहरणाला घेतो.

ठिपके आणि रेषा

स्कॅन केलेला कागद म्हणजे रास्टर चित्र. भरतकामाच्या कापडासारखे बारीक चौकोन, प्रत्येकाला एक रंग. त्यात "भिंत" नावाचं काही नसतं. काळे ठिपके ओळीने आले की आपल्या डोळ्याला भिंत दिसते. कॅडमधली रेषा म्हणजे दोन टोकांचे आकडे: इथून सुरू, तिथे संपली. कितीही मोठी करून पाहा, ती फाटत नाही. तिची लांबी विचारता येते, ती समांतर सरकवता येते, तिला दुसरी रेषा टेकवता येते. ठिपक्यांवरून अशा रेषा मिळवण्याला व्हेक्टरायझेशन म्हणतात. आमच्या ऑफिसात सगळे त्याला "ट्रेस मारणं" म्हणतात.

आधी एक मिनिट थांबा

पीडीएफ आली असेल तर ती उघडून एखाद्या कोपऱ्यावर जमेल तेवढं झूम करा. रेषा तशीच धारदार राहिली तर ती पीडीएफ मुळातच व्हेक्टर आहे आणि ट्रेस मारायची गरजच नाही. ऑटोकॅडमध्ये २०१७ पासून पीडीएफइम्पोर्ट ही कमांड आहे, ती रेषा थेट आणून देते. इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी पीडीएफ उघडून डीएक्सएफ (कॅडमध्ये उघडणारी फाइल) करता येते. झूम केल्यावर पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर आत स्कॅन बसवलेला आहे. प्लॅन कॅडमध्येच काढलेला असतो, पण सही-शिक्क्यानंतर कुणीतरी तो स्कॅन करून पाठवतो, असं खूपदा होतं. तेव्हा मूळ आर्किटेक्टकडे डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल मागून बघा. एका फोनने दोन दिवसांचं काम वाचल्याचं मी अनेकदा अनुभवलंय.

ताईंच्या प्लॅनच्या बाबतीत यातलं काहीच शक्य नव्हतं. हाताने काढलेला प्लॅन, मापं फूट-इंचात, खाली स्केल लिहिलेलं: एक इंच बरोबर आठ फूट.

ही ओळ सगळ्यात आधी वाचा. एक इंच बरोबर आठ फूट म्हणजे एक इंच बरोबर ९६ इंच, म्हणजे १:९६. आजचे प्लॅन १:१०० चे असतात, त्यामुळे नव्या माणसाच्या डोक्यात शंभरच बसलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मी ही चूक केली होती. ३० फुटांची भिंत ३१ फूट ३ इंच झाली आणि जागेवर टेप लावेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण सव्वा फुटात एक कॉलम बसतो.

स्कॅन

झेरॉक्सवाल्याकडे जाऊन "स्कॅन करून मेल करा" म्हटलंत तर बहुतेकदा २०० डीपीआयची (एका इंचात २०० ठिपके) जेपीजी मिळते. ती नको. ४०० डीपीआय, ग्रेस्केल, आणि फाइल पीएनजी किंवा टिफ, असं सांगून घ्या. जेपीजी फाइल लहान करण्यासाठी रेषांच्या कडेला राखाडी धूळ पसरवते आणि ट्रेस मारताना त्या धुळीचेही तुकडे होतात. "ब्लॅक अँड व्हाइट" सेटिंगवर थेट स्कॅन केलं तर फिकी रेषा कायमची गेली. ग्रेस्केलमध्ये ती निदान वाचवता येते.

४०० डीपीआयच का, याचा हिशोब एकदा करून बघा. आठ फूट एका इंचात, एका इंचात ४०० ठिपके, म्हणजे एका फुटाला ५० ठिपके. एक ठिपका जागेवर साधारण पाव इंच. ०.३ मिलिमीटरच्या पेनने मारलेली रेषा पाचेक ठिपके जाड येते, म्हणजे प्रत्यक्षात इंचाहून जास्त. तेव्हा रेषेची कोणती कड धरायची, या प्रश्नातच एक इंच इकडे-तिकडे होतो. स्कॅनवरून मिळणारं माप यापेक्षा अचूक असूच शकत नाही. डीपीआय वाढवून पेनची जाडी कमी होत नाही.

मोबाइलने फोटो काढणं शक्यतो टाळा. लेन्समुळे कडेच्या सरळ रेषा किंचित फुगतात, कॅमेरा थोडा तिरका झाला की एक बाजू आखूड होते. स्कॅनिंगची ॲप कागद चौकोनी करून देतात खरी, पण लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहील याची खात्री नसते. दुसरा इलाजच नसेल तर कागद काचेखाली सपाट ठेवा, लांबून फोटो काढा आणि शेजारी एक फूटपट्टी आडवी, एक उभी ठेवा.

कागद आटतो

ही गोष्ट पुस्तकात क्वचित सापडते आणि नवख्यांना हीच सगळ्यात जास्त फसवते. जुना कागद दमट हवेत फुगतो, सुकून आटतो, आणि दोन्ही दिशांना सारखा आटत नाही. झेरॉक्स मशीनही कागद ओढताना एका दिशेने थोडं ताणतं.

म्हणून जिंप या चित्र दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून मेजर टूलने दोन मापं घ्या: एक लांबात लांब आडवं, एक लांबात लांब उभं. ताईंच्या घराची आडवी एकूण लांबी ३८ फूट ६ इंच लिहिलेली. फुटाला ५० ठिपके धरले तर १९२५ यायला हवेत. आले १९१५. उभी लांबी २६ फूट, यायला हवेत १३००, आले १२९९. म्हणजे उभ्या दिशेला कागद जवळजवळ जसाच्या तसा आणि आडव्या दिशेला अर्धा टक्का आटलेला. अर्धा टक्का म्हणजे ३८ फुटांत दोन इंचांहून जास्त.

दुरुस्ती सोपी आहे. जिंपच्या स्केल इमेज खिडकीत रुंदी आणि उंचीमधली साखळी तोडायची आणि दोन्ही आकडे वेगवेगळे द्यायचे. माझ्या स्कॅनची रुंदी ६६०० पिक्सेल होती. ६६०० गुणिले १९२५ भागिले १९१५, म्हणजे ६६३४. उंचीही त्याच पद्धतीने किंचित वाढवली. मापं घेण्याआधी चित्र सरळ करून घ्या, नाहीतर तिरकं मोजाल. मेजर टूल एखाद्या लांब भिंतीवर ओढलं की तिथेच स्ट्रेटनचं बटण मिळतं.

साफसफाई

अमोनिया प्रिंटचा कागद एकसारखा पांढरा नसतो. एकीकडे पिवळट, दुसरीकडे जांभळट ढग. सगळ्या चित्राला एकच थ्रेशोल्ड (ज्याहून गडद ते काळं आणि फिकं ते पांढरं, अशी सीमा) लावला तर एका कोपऱ्यातल्या रेषा गायब होतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात काळा चिखल होतो. यावर एक जुनी युक्ती आहे. लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढा, त्या प्रतीला भरपूर गॉशियन ब्लर द्या, इतका की रेषा विरघळून फक्त ढग उरतील, आणि त्या लेयरचा मोड डिव्हाइड करा. ढग निघून जातात, पार्श्वभूमी पांढरी होते, रेषा तेवढ्या राहतात. चहाचा डागही बराचसा जातो. त्याची काठाची तपकिरी कडा मात्र उरते, ती हाताने पुसावी लागते. मग लेयर एकत्र करून कलर्स मेनूतला थ्रेशोल्ड लावा आणि सरकपट्टी हळूहळू हलवत फिक्या रेषेवर नजर ठेवा. दारांची पाव वर्तुळं सगळ्यात बारीक पेनने मारलेली असतात, ती दिसेनाशी होण्याच्या आधी थांबायचं.

निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा असलेली खरी ब्लूप्रिंट असेल तर आधी इन्व्हर्ट करा.

आता खोडरबर. मजकूर, आकडे, बाण, भिंतीतलं हॅच (आत भरलेल्या तिरक्या रेघा) हे सगळं ट्रेसला नको. प्रत्येक आकड्याचे दहा-वीस वेडेवाकडे तुकडे होतात आणि ते नंतर वेचण्यात जीव जातो. पण मूळ स्कॅन वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण आकडे त्याच्यावरूनच वाचायचे आहेत.

ट्रेसचे दोन प्रकार

नव्या माणसाची निराशा होते ती इथे. इंकस्केपमध्ये चित्र आणलं, निवडलं, पाथ मेनूतून ट्रेस बिटमॅप केलं, अप्लाय दाबलं. छान दिसतं. डीएक्सएफ करून कॅडमध्ये उघडलं तर प्रत्येक रेषेच्या जागी दोन रेषा! भिंत मुळात दोन रेषांची, तिच्या आता चार झाल्या. दाराचं पाव वर्तुळ म्हणजे चंद्रकोरीसारखा बारीक बंद आकार.

यात बिघाड काही नाही. ब्राइटनेस कटऑफ हा प्रकार काळ्या भागाची बाह्यरेषा काढतो. त्यामागे पोट्रेस नावाचं इंजिन आहे, पीटर सेलिंजर या गणितज्ञाने लिहिलेलं. त्याच्या दृष्टीने पेनची रेषा म्हणजे पाच ठिपके रुंदीची एक लांबट काळी पट्टी आणि पट्टीला दोन काठ असणारच. नदीच्या नकाशात दोन्ही तीर काढावेत तसं ते काम करतं.

आपल्याला हवी असते नदीच्या मधोमध जाणारी एक रेघ. त्यासाठी त्याच खिडकीत डिटेक्शन मोडच्या यादीत सेंटरलाइन ट्रेसिंग निवडा. इंकस्केप १.० पासून, म्हणजे २०२० पासून, ते आहे. ही पद्धत जाड रेषा दोन्ही बाजूंनी सोलत सोलत एका ठिपक्याच्या जाडीपर्यंत आणते आणि मग त्या सांगाड्यावरून रेषा काढते. विनटोपो आणि स्कॅनटूकॅड ही खास याच कामाची सॉफ्टवेअर आहेत, त्यांतही सेंटरलाइन आणि आउटलाइन असे पर्याय समोरासमोर असतात. ऑटोकॅडसोबत येणाऱ्या रास्टर डिझाइन टूलसेटमध्ये एकेका रेषेवर क्लिक करून ती व्हेक्टर करून घेता येते.

सोलण्याच्या पद्धतीचे दोष आधीच माहीत असलेले बरे. दोन भिंती जिथे काटकोनात मिळतात तिथे कोपरा गोल होतो. टी आकाराच्या जोडावर सरळ रेषेला मधेच खळगा पडतो, कारण सोलताना तिसऱ्या रेषेने तिला आपल्याकडे ओढलेलं असतं. रेषेची टोकं आखूड होतात. आणि रेषेच्या काठावर शाईचा एखादा फराटा असेल तर तिथून काट्यासारखा छोटा फाटा फुटतो. डोळ्यांनी पाहायचं असेल तर इंकस्केपच्या व्ह्यू मेनूतून आउटलाइन मोड लावा आणि स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यावर झूम करा. काटकोन म्हणून जे दिसत होतं, तिथे सहा-सात नोड (रेषेवरचे बिंदू) असलेलं वळण सापडेल.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की घराच्या प्लॅनला ऑटोमॅटिक ट्रेस लावू नये. सरळ भिंती, काटकोन, ठरावीक जाडी यांना चित्र खाली ठेवून वर हाताने रेषा मारणं जास्त जलद होतं आणि जास्त खरं. साफ करायला लागणारा वेळ धरला तर यात फार मतभेद होतील असं वाटत नाही. सेंटरलाइन ट्रेस वापरावा तो टेकडीच्या समपातळी रेषांना, नदीनाल्याला, बागेतल्या वळणदार वाटांना, जिथे हाताने ठिपके टाकत बसलं तर दिवस जाईल आणि तरीही वळण नीट येणार नाही. आउटलाइन ट्रेस वापरावा तो कापायच्या कामाला, त्याबद्दल पुढे सांगतो.

चित्र खाली, रेषा वर

ऑटोकॅडमध्ये इमेजअटॅच कमांडने चित्र आणा, पण साफ केलेलं नव्हे, तर आकडे शिल्लक असलेलं, सरळ आणि प्रमाणात केलेलं. त्याचा एक वेगळा लेयर करा. इमेजॲडजस्टमधून फेड वाढवून चित्र फिकट करा म्हणजे वरच्या रेषा उठून दिसतील.

आता माप द्यायचं. सर्वांत लांब लिहिलेलं माप निवडा. लहान माप निवडलंत तर क्लिक करताना झालेली एका ठिपक्याची चूक सगळ्या प्लॅनभर गुणाकाराने वाढते. तीन फुटांच्या दारावरून स्केल केलं आणि दोन ठिपके चुकलात, तर ३८ फुटांवर सहा इंचांचा फरक पडतो. तेच दोन ठिपके ३८ फुटांवर चुकलात तर फरक अर्ध्या इंचाचा. स्केल कमांड घ्या, चित्र निवडा, एका टोकावर बेस पॉइंट द्या, रेफरन्ससाठी आर टाइप करा, मापाची दोन टोकं दाखवा आणि खरी लांबी लिहा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता गुणक मागतात तिथे लिहिलेलं माप भागिले मोजलेलं माप, इतकंच. मिलिमीटरमध्ये काम करत असाल तर एक फूट म्हणजे ३०४.८. हिशोब सोपा पडावा म्हणून ३०० धरलंत तर ३८ फूट ६ इंचांच्या घरातून १८५ मिलिमीटर नाहीसे होतील.

स्केल झालं की तो लेयर लॉक करा. हे विसरलं की दोन तासांनी कधीतरी चित्र चुकून सरकतं आणि कुठपर्यंत काढलेलं बरोबर होतं हे कळत नाही.

यानंतर आकडे वाचायचे. रेषा मारण्याआधी, पेन्सिल-कागद घेऊन. ताईंच्या प्लॅनवर आडव्या दिशेने मापांची साखळी अशी होती: बाहेरची भिंत ९ इंच, खोली १२ फूट, आतली भिंत साडेचार इंच, खोली ११ फूट आणि पुढचा आकडा पुसट, भिंत साडेचार इंच, हॉल १३ फूट, बाहेरची भिंत ९ इंच. पुसट आकडा इंग्रजी तीनही वाटत होता आणि आठही. भिंगातून पाहिलं तरी उलगडेना. मग बेरीज केली. आठ धरले तर एकूण ३८ फूट ११ इंच होतात, तीन धरले तर बरोबर ३८ फूट ६ इंच. शिवाय स्कॅनवर ती खोली मोजली तर ११ फूट ३ इंचांच्या आसपासच येत होती. दोन्हींनी एकच साक्ष दिली, तेव्हा ३ पक्का केला.

बेरीज जुळली नाही तर? तसंही होतं, जुन्या प्लॅनमध्ये काढणाऱ्याचीच चूक असू शकते. तेव्हा रेषेवरून मोजून मनाने आकडा भरू नका. ती जागा लाल ढगात (नागमोडी रेषेच्या घेऱ्यात) घाला, "जागेवर तपासणे" असं लिहा आणि जाऊन टेप लावा. प्लॅनच्या तळाशी बहुतेकदा लिहिलेलंही असतं की लिहिलेली मापं धरावीत, नकाशावर मोजू नये. त्या ओळीत पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे.

आता ऑर्थो (रेषा फक्त आडवी किंवा उभी जाऊ देणारी सोय) चालू करून भिंती काढा. एक बाहेरची रेषा, मग ऑफसेटने भिंतीच्या जाडीवर तिला समांतर दुसरी. इथे बांधकामाची माहिती उपयोगी पडते. चित्रावर भिंत २२२ मिलिमीटर वाटली तर ती २३० ची आहे हे ओळखायला हवं, कारण ९ इंची विटेची भिंत आपल्याकडे २३० धरतात आणि साडेचार इंची ११५. भिंत २२२ ची कुणी बांधत नाही. पण २७५ आणि ३५० च्या मधे काहीतरी दिसलं तर घाईने गोल करू नका. जुन्या भारवाही (भिंतींवरच छताचं वजन असलेल्या) घरांत भिंती जाड असतात आणि गिलावा धरलाय की नाही यावर आकडा बदलतो.

गोल कॉलम असेल तर तीन बिंदूंचं वर्तुळ घ्या. दारं काढत बसू नका, एक ब्लॉक (पुन्हा पुन्हा वापरता येणारं तयार चित्र) करा आणि बसवत जा. जिन्याची एक पायरी काढून बाकीच्या ॲरेने (ओळीने प्रती काढणाऱ्या कमांडने) काढा आणि मग पायऱ्या मोजून कागदाशी ताडा. मजकूर नव्याने टाइप करा. लेयर सुरुवातीलाच वेगळे ठेवा: भिंत, दार-खिडकी, जिना, मापं, मजकूर. डायमेन्शन टाकताना आकडा हाताने बदलू नका. रेषा १० फूट २ इंच असेल आणि तुम्ही वर १० फूट लिहिलंत, तर पुढच्या माणसाला ते कधीच कळणार नाही.

ट्रेस केलेला भाग डीएक्सएफमधून आणला असेल, समजा बागेतली वाट, तर इंकस्केपमधून काढताना एकक मिलिमीटर ठेवा आणि आर१४ प्रकार निवडा. कॅडमध्ये आल्यावर ओव्हरकिल कमांडने एकावर एक पडलेल्या रेषा काढा आणि पीइडिटच्या जॉइनने तुकडे जोडा. नोड फार असतील तर इंकस्केपमध्येच पाथ मेनूतलं सिंप्लिफाय एकदा वापरा. एकदाच. पुन्हा पुन्हा दाबलं की आकार वितळत जातो.

फाइल पाठवताना एक लक्षात ठेवा. डीडब्ल्यूजीत चित्र नसतं, फक्त त्याचा पत्ता असतो. एकटी डीडब्ल्यूजी पाठवली तर समोरच्याला रिकामी चौकट दिसते. चित्राची फाइल सोबत पाठवा, किंवा काम झालं असेल तर चित्र डिटॅच करून पाठवा.

लेझर आणि राउटरसाठी

लेझरने किंवा राउटरने (फिरत्या पात्याच्या कापणाऱ्या यंत्राने) कापायचं असेल तर नियम उलटतो. पितळी किंवा ॲक्रिलिकची नावाची पाटी, देवघराची जाळी, लाकडी महिरप यांत हत्यार काळ्या भागाच्या काठाने फिरणार असतं. म्हणजे दोन काठ हवेतच. ब्राइटनेस कटऑफ वापरा, स्पेकल्स वाढवून बारीक ठिपके गाळा आणि पाथ बंद आहेत ना ते बघा.

देवनागरी पाटीची एक गंमत अशी की शिरोरेखेमुळे सगळी अक्षरं आपोआप एका दांडीला टांगली जातात, रोमन अक्षरांसारखी सुटी होत नाहीत. पण थ, ध, भ ही अक्षरं आली की शिरोरेखा तुटते. "माधव" कापलं तर "मा" वेगळा पडतो आणि "धव" वेगळा. अनुस्वाराचा ठिपका तर सरळ खाली गळून पडतो. त्यामुळे ट्रेस झाल्यावर ध च्या डोक्यावर रेषा जोडून घ्यायची की मागे पट्टी लावायची, हे गिऱ्हाइकाला विचारून ठरवा. काही जणांना ध जोडलेला आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, तो घ सारखा वाचला जाऊ शकतो.

जमिनीच्या हद्दी

घराच्या प्लॅनसोबत पुष्कळ लोक गटाचा नकाशाही देतात आणि म्हणतात, हाही करून द्या. संदर्भासाठी करा, पण हद्द म्हणून वापरू नका. १:५०० च्या नकाशावर ०.३ मिलिमीटरची रेषा म्हणजे जमिनीवर १५० मिलिमीटर, अर्धा फूट. शेजाऱ्याशी वाद व्हायला तेवढं पुरतं. हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते, आणि ट्रेस केलेल्या रेषेवर तसं लिहूनच फाइल द्यावी.

शेवटची तपासणी

काम संपलं की नवा प्लॅन जुन्याच स्केलला, १:९६ ला, ट्रेसिंग पेपरवर किंवा पातळ कागदावर छापा. दुपारी खिडकीच्या काचेवर जुनी प्रिंट धरा आणि तिच्यावर नवी ठेवा. पडद्यावर चार तास बघून जे दिसत नाही ते उजेडात एका नजरेत दिसतं. ताईंच्या प्लॅनमध्ये सगळ्या भिंती बसल्या, आडव्या दिशेला जुना कागद थोडा कमी पडत गेला, तो आटल्याचा फरक होता आणि अपेक्षितच होता. पण मागच्या बाजूला संडास-बाथरूमच्या मधली भिंत एका रेषेच्या जाडीएवढी नव्हे, चांगली भिंतीच्या जाडीएवढी सरकलेली दिसली. मी ४ फूट ६ इंच हे माप भिंतीच्या आतल्या कडेपासून धरलं होतं, कागदावरचा बाण मात्र बाहेरच्या कडेपर्यंत गेला होता. घडीची रेघ नेमकी बाणाच्या टोकावरून गेल्यामुळे स्कॅनमध्ये ते टोक उडालं होतं. मूळ कागदावर, उजेडात, ते पुसटसं दिसत होतं.